पिवळा धोत्रा : एका परक्या झाडाची ओळख



आजचा विषय आहे पिवळा धोत्रा. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेला माणूस रानातल्या एका काटेरी झुडपावर तासभर काय बोलणार, असं आपल्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. साहजिक आहे. पण 'एखादी वस्तू ओळखणं म्हणजे नेमकं काय करणं' हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे, आणि या झाडाच्या बाबतीत तो केवळ पुस्तकी राहिलेला नाही. या झाडाची ओळख न पटल्यामुळे आपल्या देशात माणसं दगावली आहेत. कलकत्त्यात १८७७ साली दगावली आणि दिल्लीत १९९८ साली दगावली. मध्ये सव्वाशे वर्षं गेली, शास्त्र कुठल्या कुठे पोचलं, तरी तेच झाड आणि तीच चूक. म्हणून आज आपण तीन गोष्टी पाहू. हे झाड आलं कुठून, त्याला नावं कशी पडली आणि ते ओळखायचं कसं.

आधी झाड डोळ्यांसमोर आणू. ते आपण सर्वांनी पाहिलेलं आहे, फक्त त्याच्याकडे पाहिलेलं नाही. पावसाळा संपून थंडी सुरू झाली की रेल्वेच्या रुळांकडेला, नदीच्या कोरड्या पात्रात, बांधावर, पडीक जमिनीत गुडघ्याएवढी, कुठे कमरेएवढी निळसर हिरवी झुडपं दिसू लागतात. पानं काटेरी. शेंड्याला झगझगीत पिवळं फूल, पाकळ्या अगदी पातळ, कागदासारख्या. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून चरून चरून सपाट झालेल्या माळावरसुद्धा ते एकटं ऐटीत उभं असतं. उन्हाळ्यापर्यंत फूल जाऊन काटेरी बोंड धरतं, बोंड वरून उकलतं आणि काळं बी खाली सांडतं. यालाच आपण पिवळा धोत्रा म्हणतो, कोणी काटेधोत्रा म्हणतात. हिंदीत सत्यानाशी, बंगालीत शियालकांटा म्हणजे कोल्हेकाटा, गुजरातीत दारूडी. तामिळ-तेलुगूत त्याचं नाव 'ब्रह्मदंड'च्या जवळचं आहे. शास्त्रीय नाव आर्जेमोने मेक्सिकाना.

या शेवटच्या नावातच त्याचं मूळ गाव सांगितलेलं आहे. हे झाड मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या उष्ण अमेरिकेतलं. तिथल्या नाहुआत्ल भाषेत, म्हणजे आझ्टेक लोकांच्या भाषेत, त्याला चिकालोत्ल म्हणत. त्यावरून आजही मेक्सिकोत त्याला चिकालोते म्हणतात. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने आपला वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस याला १५७० च्या सुमारास मेक्सिकोतल्या वनस्पतींची पाहणी करायला पाठवलं होतं. तिथे राहून, स्थानिक जाणकारांना विचारून विचारून त्याने हजारो वनस्पतींची टिपणं केली. त्यांत हे झाडही आहे, आणि तेही स्थानिक नावानिशी. म्हणजे ज्यांच्या अंगणातलं ते झाड, त्यांना ते नीट ठाऊक होतं. ओळखीचा गोंधळ झाला तो झाड घराबाहेर पडल्यावर.

युरोपात काय झालं पाहा. जॉन जेरार्ड नावाच्या इंग्रज वनस्पतिज्ञाने १५९७ साली मोठा वनस्पतिकोश छापला. त्यात हे झाड आहे, पण त्याने ते घातलं 'थिसल'मध्ये. थिसल म्हणजे युरोपातली काटेरी, गोंडेदार फुलांची तणं. आपल्याकडे त्याला नेमका एक शब्द नाही, पण करडई डोळ्यांसमोर आणा, तो वर्ग लक्षात येईल. जेरार्डने त्याला पेरू देशाचा सोनेरी थिसल म्हटलं, आणि वेस्ट इंडीजमध्ये त्याला नरकातलं अंजीर अशा अर्थाचं नाव आहे, हेही नोंदवलं. का थिसल? काटे आहेत म्हणून. पुढे १६२३ मध्ये कास्पार बाउहिन या स्विस पंडिताने वनस्पतींच्या नावांची मोठी सूची केली. त्याने याला 'काटेरी खसखस' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. ही ओळख बरोबर होती. हे झाड अफूच्या कुळातलं आहे. बोंड पाहा, बोंडाच्या डोक्यावरची ती छोटी टोपी पाहा, कापल्यावर येणारा चीक पाहा, सगळी लक्षणं त्या घराण्याची. जेरार्डने काटे पाहिले, बाउहिनने फूल आणि फळ पाहिलं.

मग १७५३ साली लिनियसने आजचं नाव पक्कं केलं. आता या 'आर्जेमोने' शब्दाची गंमत अशी की हा शब्द मेक्सिकोचा नाहीच. तो प्राचीन ग्रीक आहे. डोळ्यांत जे पांढरं फूल पडतं, त्याला ग्रीकमध्ये आर्जेमा म्हणत, आणि त्यावर उपयोगी समजल्या जाणाऱ्या खसखशीसारख्या एका झाडाला आर्जेमोने म्हणत. ग्रीक-रोमन वैद्यांच्या ग्रंथांत हे नाव आहे. तेव्हा त्यांना अमेरिकेचं अस्तित्वही माहीत नव्हतं. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका भूमध्य समुद्राकाठच्या झाडाचं नाव नव्याने आलेल्या परक्या झाडाला चिकटवलं गेलं. हे ध्यानात ठेवा, कारण हीच गोष्ट आपल्याकडेही घडली आहे.

भारतात हे झाड कोणत्या जहाजातून, कोणत्या बंदरात उतरलं याचा दाखला कोणी लिहून ठेवलेला नाही. तण कधी नोंद करून येत नाही. धान्याच्या पोत्यातून, जहाजाच्या तळाशी भरलेल्या मातीतून, बागेसाठी आणलेल्या बियांतून ते येतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते इथे चांगलं रुळलेलं होतं. विल्यम रॉक्सबर्ग हा कंपनी सरकारच्या काळातला मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्या 'फ्लोरा इंडिका' ग्रंथात या झाडाची नोंद आहे. आणि लिखित दाखला नसला तरी बोलीभाषेने एक दाखला जपून ठेवला आहे. दख्खनेतल्या जुन्या नोंदींत या झाडाला 'फिरंगी धोत्रा' असंही नाव आढळतं. फिरंगी म्हणजे आपल्याकडे प्रथम पोर्तुगीज, मग सगळेच गोरे. हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांना हे झाड बाहेरून आल्याचं माहीत होतं. पुढे 'फिरंगी' गळून पडलं, 'पिवळा' राहिला, आणि झाड आपलं झालं.

यात वावगं काही नाही. भाषा असंच करते. विलायती चिंच घ्या. ती विलायतेची नाही, तीही मेक्सिकोकडचीच. 'विलायती' म्हणजे फक्त 'बाहेरची'. सीताफळ घ्या. तेही मूळ अमेरिकेतलं, पण आपण त्याला थेट सीतामाईचं नाव दिलं आणि त्याच्या जोडीदाराला रामफळ म्हटलं. मिरची तर आता परकी म्हटली तर वऱ्हाड-खानदेशातली माणसं माझ्यावर धावून येतील. नवी वस्तू आली की आपण आपल्या माहितीतलं जवळचं काहीतरी शोधतो आणि त्याच्या शेजारी तिला बसवतो. धोत्र्याचं फळ काटेरी, या झाडाचं बोंड काटेरी, म्हणून हा पिवळा धोत्रा. वास्तविक धोत्रा वांग्या-टोमॅटोच्या कुळातला, हा अफूच्या. नातं काही नाही. तरी रोजच्या बोलण्यात अशा नावाने काही बिघडत नाही, जोवर ते नाव आपण ओळखीचा पुरावा म्हणून वापरत नाही.

बिघडतं ते पुढच्या पायरीवर. 'स्वर्णक्षीरी' नावाची एक वनस्पती चरक आणि सुश्रुत संहितांत येते. स्वर्णक्षीरी म्हणजे जिचं दूध सोन्यासारखं पिवळं आहे ती. आपल्या या पिवळ्या धोत्र्याचा चीकही पिवळाधमक असतो. झालं! गेल्या काही पिढ्यांत अनेक पुस्तकांत सरळ लिहिलं जाऊ लागलं की स्वर्णक्षीरी म्हणजेच आर्जेमोने मेक्सिकाना. आता साधा हिशेब करू. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली. या संहिता आज आहेत त्या रूपात त्याच्या निदान हजार वर्षं आधीच्या. मेक्सिकोचं झाड चरकाच्या हाती येणार कसं? शिवाय भावप्रकाशासारख्या ग्रंथांत स्वर्णक्षीरीचा एक पर्याय 'हैमवती' असा दिलेला आहे. हैमवती म्हणजे हिमालयाकडची. आमचं हे झाड दख्खनच्या उघड्या माळावर, गंगेच्या वाळूत वाढणारं. मूळ स्वर्णक्षीरी कोणती, यावर आयुर्वेदाच्या अभ्यासकांतच मतभेद आहेत. अशा वनस्पतींसाठी त्यांच्याकडे 'संदिग्ध द्रव्य' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो वापरणारे वैद्य मला अधिक विश्वासाचे वाटतात.

यात धोका कोणता? 'स्वर्णक्षीरी औषधी आहे' हे जुन्या ग्रंथाचं वाक्य. 'पिवळा धोत्रा म्हणजे स्वर्णक्षीरी' ही आपली समजूत. या दोहोंवरून कोणी म्हणतो, 'म्हणून पिवळा धोत्रा औषधी आहे, हजारो वर्षं वापरात आहे, त्यात भ्यायचं काय.' आमच्या तर्कशास्त्रात याला हेतूच असिद्ध आहे असं म्हणतात. मधला दुवाच खरा नाही, मग निष्कर्ष कशावर उभा राहणार? काही गावांत या झाडाचा चीक डोळे आले की डोळ्यांत घालतात, हा उपाय जुन्या पुस्तकांतही नोंदलेला आहे. हात जोडून सांगतो, असं करू नका. हे झाड विषारी आहे. त्याचं विष कसं कळलं ते मी पुढे सांगणारच आहे.

आता ओळखीच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल. लक्षण म्हणजे त्या वस्तूचा असाधारण धर्म, जो तिच्यात असतो आणि दुसऱ्या कशात नसतो. लक्षणाचे दोष तीन. अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाईचं नेहमीचं उदाहरण देतात. 'तांबूस असते ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय सुटली, ही अव्याप्ती. 'शिंगं असतात ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत आली, ही अतिव्याप्ती. 'जिचा खूर अखंड ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडणार नाही, हा असंभव. हीच चाळणी आपण पिवळ्या धोत्र्याला लावू.

पहिलं लक्षण, काटेरी पान. जेरार्ड यावरच थांबला. पण काटेरी पानं तर कितीतरी झाडांना. आपल्या माळावरच उटकटारी आहे, तिची फुलं गोल काटेरी चेंडूसारखी, पांढरट-निळसर. ब्रह्मदंडी आहे, करडई आहे. ही सगळी खरोखर थिसलच्या कुळातली आहेत. त्यांचं जे एक फूल दिसतं, तो पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो. भुईरिंगणी आहे, तीही काटेरी, पण जमिनीवर पसरते, फूल जांभळं, फळ गोटीएवढं. तेव्हा काटेरी पान हे लक्षण अतिव्याप्त. आणि पाहा, तामिळ-तेलुगूत ज्याला ब्रह्मदंडाच्या घरातलं नाव आहे ते हे झाड, आणि मराठीत ब्रह्मदंडी म्हणतात ते दुसरंच. नुसत्या नावावर औषध मागवलं तर काय हाती पडेल याचा विचार करा.

दुसरं लक्षण, सहा पाकळ्यांचं पिवळं फूल. बहुतेक फुलांना सहा पाकळ्या असतात हे खरं, पण चार-पाचही सापडतात. शिवाय याचाच एक सख्खा भाऊ आहे, त्याची फुलं फिकट, मलईसारखी पिवळी असतात, तोही मेक्सिकोचाच. त्याच्यापासूनही आपल्याला सावध राहायचं आहे. म्हणून हे लक्षण अव्याप्त.

तिसरं, नावावरून येणारं लक्षण. धोत्रा म्हटलं की माणूस कर्ण्यासारखं लांब फूल शोधतो. पिवळ्या धोत्र्याच्या एकाही झाडाला तसं फूल येत नाही. हा असंभव.

चौथं, चीक. पिवळा चीक काही इतर झाडांनाही असतो, पण ती काटेरी पानांची नाहीत. आणि काटेरी पानाची, पिवळ्या फुलाची, चीक येणारी आणखी एक तणाची जात आपल्याकडे शेतात असते, वनस्पतिशास्त्रात तिला सॉन्कस म्हणतात. तिचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं. पण तिचा चीक पांढरा. म्हणून दोन धर्म एकत्र घ्यायचे : पान काटेरी, आणि तोडल्यावर चीक पिवळा. आपल्या माळावर, शेतात एवढ्यावर ओळख पटते. खात्रीसाठी आणखी चार खुणा सांगतो. पानाला देठ नाही, ते खोडाला मिठी मारून बसतं. पानावरच्या शिरांभोवती पांढरट पट्टे असतात, जणू कोणी चुन्याने रेघा ओढल्या आहेत. फुलाच्या मधोमध लालसर-जांभळी टोपी असते आणि भोवती पुष्कळ पिवळे केसर. बोंड लांबट, काटेरी, पिकल्यावर टोकाशी फटी पडून उघडतं. पान मात्र तोडायचं तर हातात फडकं घ्या, आणि चीक लागला तर डोळ्यांना हात लावण्याआधी धुऊन टाका.

हे सगळं झालं उभ्या झाडाचं. दुर्दैव असं की माणसांचा घात झाड करत नाही, बी करतं. आणि बी ओळखणं जास्त कठीण आहे.

हे झाड उत्तर भारतात मोहरीच्या शेतात तण म्हणून वाढतं. मोहरी पिकते त्याच दिवसांत त्याचंही बोंड पिकतं. बी काळसर, गोल, जवळपास मोहरीएवढं. तेलही भरपूर निघतं. म्हणजे कापणीत चुकून मिसळायला सोपं, आणि नफ्यासाठी मुद्दाम मिसळायलाही सोपं. दोन्ही घडलेलं आहे. अशा तेलाने होणाऱ्या रोगाला डॉक्टर एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात, साथीची सूज म्हणा. पायांवर सूज येते, बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि तसाच राहतो. कातडी लालसर होते, जुलाब होतात, दम लागतो, हृदयावर ताण येतो आणि काहींचा त्यात अंत होतो. काहींच्या डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. ग्रीकांनी नाव दिलं डोळ्यांच्या औषधाचं, आणि या झाडाने डोळेच अधू केले.

१८७७ साली कलकत्त्यात ही साथ नोंदली गेली. लगेच पुढच्या एक-दोन वर्षांत मॉरिशसमध्ये, तिथल्या हिंदी मजुरांत तीच सूज दिसली. साथ म्हटल्यावर डॉक्टरांना वाटलं, संसर्ग असेल. पुष्कळांना वाटलं, हा बेरीबेरीच, कारण त्यातही पाय सुजतात. १९२० च्या दशकात तर साठवलेल्या तांदळात काही विष तयार होतं, हे मत जोरात होतं. ही काही अडाणी माणसं नव्हती, त्या काळातले उत्तम वैद्यकीय संशोधक होते. पण बंगालात जो आजारी तो भात खातो आणि जो धडधाकट तोही भात खातो. तिथे भाताकडे बोट दाखवणं म्हणजे शिंगं पाहून गाय म्हणण्यासारखं.

आमच्या शास्त्रात कारण शोधण्याची रीत अन्वय-व्यतिरेकाची. हे असेल तिथे ते असतं, हे नसेल तिथे ते नसतं, या दोन्ही बाजू पाहायच्या. साथीचं एक वैशिष्ट्य असं होतं की एका घरात दोन-चार माणसं एकदम पडत आणि शेजारचं घर सुखरूप. अंगावर पिणारी तान्ही मुलं बहुधा वाचत. म्हणजे कारण स्वयंपाकघरात होतं, हवेत नव्हतं. १९२६ साली एस. एल. सरकार यांनी पिवळ्या धोत्र्याच्या तेलाकडे बोट दाखवलं. १९३७ पासून कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेतल्या आर. बी. लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांतल्या तेलाचा माग काढत हे सिद्ध करत नेलं. १९३९ मध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं तेल माणसांना देऊन तीच सूज निर्माण होते हे दाखवलं. अशा प्रयोगाला आज कोणी परवानगी देणार नाही. आणि १९४८ मध्ये एस. एन. सरकार यांनी तेलातलं विष वेगळं काढलं, त्याचं नाव सँग्विनारिन. पहिल्या नोंदीपासून कारणावर बोट ठेवेपर्यंत जवळपास ५० वर्षं गेली. आणि तोवर ते झाड कलकत्त्याच्या आसपास रस्त्याकडेला उभंच होतं. त्याला सर्वांनी ओळखीचं नाव दिलेलं होतं, शियालकांटा. पण नाव माहीत असणं वेगळं आणि ओळख असणं वेगळं.

कारण कळल्यावर तरी प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत सर्वांत मोठी साथ आली. ६० हून अधिक माणसं गेली, ३००० हून अधिक रुग्णालयांत दाखल झाली. त्यानंतरही २००० मध्ये ग्वाल्हेरला, २००२ मध्ये कनौजला, २००५ मध्ये लखनौला साथी झाल्या. ग्वाल्हेर म्हणजे आपल्या कितीतरी मराठी कुटुंबांचं पिढ्यांपिढ्यांचं गाव. महाराष्ट्रातही या रोगाच्या नोंदी आहेत. आपल्याकडे स्वयंपाकाला मोहरीचं तेल कमी, शेंगदाणा-करडई जास्त, म्हणून आपण बरेचसे बचावलो. पण मालिशला, लोणच्याला ते तेल आता घरोघरी येतं, आणि दूषित तेलाच्या मालिशनेही बाधा झाल्याची उदाहरणं आहेत.

आता बियांची ओळख. मोहरीचा दाणा बोटाला गुळगुळीत लागतो. पिवळ्या धोत्र्याचं बी अधिक काळं, खरखरीत, भिंगातून पाहिलं तर वर जाळी कोरल्यासारखे खड्डे. दाणा चिरडून पाहा, मोहरी आतून पिवळी, हे बी आतून पांढरं. ही परीक्षा कोणतीही गृहिणी, कोणताही दुकानदार करू शकतो. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. झाडात आपण पिवळेपणा शोधत होतो, दाण्यात पिवळेपणा ही निर्धोकपणाची खूण आहे. तेच लक्षण दुसऱ्या ठिकाणी उलट अर्थ देतं.

एकदा तेल झालं की डोळ्यांनी काही कळत नाही. एक टक्का भेसळही माणसाला आजारी पाडायला पुरते. प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लाने तेलाला तांबूस रंग येतो का पाहतात, पण ही परीक्षा ढोबळ आहे, थोडी भेसळ तिला सापडत नाही. कागदी क्रोमॅटोग्राफी फार अल्प प्रमाणही पकडते. ही घरी करण्याची कामं नव्हेत, आम्लाशी खेळू नका. घरात एकाच वेळी दोघा-तिघांचे पाय सुजले, तर तेल त्याच क्षणी बंद करा, बाटली फेकू नका, बाजूला ठेवा, आणि डॉक्टरांना 'आम्ही सगळे एकच तेल खातो' हे आपणहून सांगा. रुग्णाने सांगितलेली ही एक ओळ तपासाचे कितीतरी दिवस वाचवू शकते.

शेवटी एक मुद्दा मांडतो. हे ऐकून कोणी म्हणेल, परकी झाडं वाईटच, उपटून टाका. तण म्हणून शेतातून, विशेषतः मोहरीच्या शेतातून, बोंड धरण्याआधी ते काढलंच पाहिजे, यात शंका नाही. पण परकेपणा हा दोष नाही. मिरचीही परकी, सीताफळही परकं, आणि ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही तो झेंडूही मेक्सिकोकडचाच. उलट आपला जुन्या ओळखीचा धोत्रा काही कमी विषारी नाही. पिवळा धोत्रा कोणाच्या घरात चालत गेला नाही. त्याचं बी घाण्यात घालणारा हात माणसाचा होता, आणि बिया न पाहता पोतं उघडणारे डोळेही माणसाचेच होते. परकं-आपलं हा भेद इथे कामाचा नाही. कामाचा भेद हा, की आपण ती वस्तू तिच्या स्वतःच्या लक्षणांवरून ओळखली, की तिला आपल्या माहितीतलं एक नाव देऊन पाहणं थांबवलं. जेरार्डने थिसल म्हणून पाहणं थांबवलं. आपण स्वर्णक्षीरी म्हणून थांबवलं. कलकत्त्यात बेरीबेरी म्हणून थांबवलं, आणि तिथे त्याची किंमत माणसांनी दिली.

तेव्हा माझी विनंती एवढीच. येत्या हिवाळ्यात कधी गावाबाहेर गेलात तर हे झाड दिसेलच. मुलांना, नातवंडांना घेऊन दोन मिनिटं त्याच्यापाशी थांबा. फडक्यात धरून एक पान तोडा, पिवळा चीक दाखवा, शिरांवरच्या पांढऱ्या रेघा दाखवा, आणि हे धोत्र्याचं नातेवाईक नाही हेही सांगा. स्वयंपाकघरात मोहरी निवडायला बसलात तर दोन काळे खरखरीत दाणे चिरडून पाहायला शिकवा. ओळख म्हणजे काय, हे त्यांना तर्कसंग्रहापेक्षा त्यातून लवकर कळेल.